मॅटाडोर नावाची सवत

मी डॉज बोलतेय. मलकापूरच्या जोतीराम फौजींची शेवाळी रंगाची, मागं उघडा हौदा असलेली जुनी डॉज. आता ते छपर सुटलं, गावही सुटलं, तरी ओळख मी तीच सांगते. माझं बोलणं तुम्हाला जरा आंबट लागेल. खोटं कशाला बोलू, मी अजून जळते.

जन्म माझा अमेरिकेतला. लढाईच्या धामधुमीत बोटीत घालून मला इकडं आणलं आणि लढाई संपल्यावर परत न्यायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मी पलटणीत राहिले. फौजी तिथंच ड्रायव्हर होते. ते पेन्शनीत निघाले आणि पुढं मी लिलावात निघाले, तेव्हा रांगेतल्या बऱ्या बऱ्या गाड्या सोडून त्यांनी माझ्याच बॉनेटवर हात ठेवला. त्या हाताच्या जोरावर मी पुढची सगळी वर्षं काढली.

गावात आले तेव्हा फौजींच्या कारभारणीनं, बनुबाईंनी, मला ओवाळून चाकाखाली लिंबू ठेवलं. मग काय, उसाचं बेणं, शेणखत, गुळाच्या ढेपा, कराडच्या दवाखान्यात न्यायची म्हातारी माणसं, सगळं माझ्याच पाठीवर. त्यांची एकुलती लेक अंजना माझ्या हौद्यात भातुकली मांडून मोठी झाली आणि माझ्यातच बसून औंधला सासरी गेली.

माझं स्टिअरिंग डाव्या हाताला, अमेरिकेच्या रीतीचं. त्यामुळं फौजी डावीकडून चढायचे आणि बनुबाई उजवीकडं बसायच्या. पुढच्या एसटीला मागं टाकायचं, तर फौजींना समोरचं काही दिसायचं नाही. मग बनुबाई पदर खोचून मान बाहेर काढायच्या आणि ओरडायच्या, "जावा!" त्या म्हणाल्या की आम्ही जायचो. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत असा जोडीनं चालवलेला संसार दुसऱ्या कुठल्या गाडीनं पाहिला असेल, तर तिनं समोर यावं.

पण पेट्रोल भडकलं आणि माझे दिवस फिरले. त्याच सुमारास शेजारच्या भाऊसोंनी नवी मॅटाडोर आणली. दुधाच्या सायीसारखा रंग, चपटं नाक, बोलणं डिझेलचं. फौजी तिच्याभोवती हिंडले, पत्र्यावर टकटक केलं, मागचा फाळका उघडून लावून पाहिला. मी छपरातून सगळं बघत होते.

"हिला चारी चाकांचा गेर न्हाई, भाऊसो," फौजी म्हणाले. माझा ऊर भरून आला.

"चारी चाकं फिरवून काय करतूस गड्या? डांबरी झाल्या की वाटा."

"म्होरं दोराचा विंच न्हाई."

"अडकली तर विंच. न्हाई अडकली तर?" भाऊसो हसले. "आरं, तुज्या डॉजला पाजता पाजता एक दिस सगळा ऊस पंपावर न्हिऊन वताय लागंल. भर रस्त्यात बंद पडती ती येगळीच. आन् बस की आत, बस. धक्का म्हून न्हाई."

फौजी आत बसले. लवकर उतरलेच नाहीत. त्या रात्री जेवताना मॅटाडोर, सकाळी चूळ भरताना मॅटाडोर. मला वाटायचं, हा माणूस माझ्यावर रुसलाय. पण नाही, तो भाऊसोंवर जळत होता. आम्ही दोघं एकाच छपराखाली जळत होतो, फक्त एकमेकांच्या उपयोगाचे नव्हतो.

शेवटी दसऱ्याच्या आधी आमच्या दारात सवत आली. निळी, कोरी मॅटाडोर, सीटवरचा प्लॅस्टिकचा कागदसुद्धा न काढलेली. नारळ फुटला. सगळी गल्ली गोळा झाली. फौजी ऐटीत निघाले, दार उघडून चढले, आणि समोर हात लांबवून चाचपडू लागले. समोर काहीच नव्हतं! सवयीनं ते डावीकडून चढले होते. आणि बनुबाई? त्याही सवयीनं उजवीकडून चढून स्टिअरिंगमागं पदर सावरून बसल्या होत्या.

"आता काय मीच हाणू व्हय?" बनुबाईंनी विचारलं. गल्ली हसून हसून लोळायची बाकी राहिली. मला तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या. शिकवा म्हटलं फौजी, शिकवा आता सवतीला तुमचा जोडीचा संसार!

पण त्यांनी जागा बदलल्या आणि गाडी अशी निघाली की कोंबडीसुद्धा दचकली नाही. परत आल्यावर बनुबाई एवढंच म्हणाल्या, "मला कायी कामच ऱ्हायलं न्हाई गं बाई." त्यांच्या त्या बोलण्यावर मी कितीतरी दिवस जगले.

खंडेनवमीला दरवर्षी पहिला आणि जाडजूड झेंडूचा हार माझा असायचा. त्या वर्षी तो निळ्या नाकावर चढला. मला नांगराच्या आणि मोटारपंपाच्या बरोबरीनं उरलेल्या चार फुलांची माळ मिळाली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्यातच कळलं की पहिल्या बाळंतपणासाठी अंजनाला औंधहून आणायला सवतच जाणार.

मी मनातल्या मनात काय काय चिंतलं ते सांगायला लाज वाटते. चाक फुटू दे, ओढ्यात रुतू दे, मला बोलावणं येऊ दे. औंधच्या डोंगरावरच्या यमाईलासुद्धा साकडं घातलं. दिवस कलायच्या आत सवत गुणगुणत परत आली. पोट सांभाळत अंजना उतरली आणि म्हणाली, "आई, आंग जराबी आंबलं न्हाई बग." छपराकडं तिनं वळूनही पाहिलं नाही.

मग मला विकायचं ठरलं. आधी कुपवाडचा एक कारखानदार आला. त्याला माझं फक्त इंजिन हवं होतं, बाकी सांगाडा भंगारात. फौजींनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. नंतर आटपाडीकडचा केरबा आला. मेंढरं राखणारा, खांद्यावर घोंगडं, बोलणं कमी. तो मला नुसता बघत राहिला.

आणि फौजी बोलायला लागले.

"केरबा, हिच्यावाणी गाडी पुन्ना व्हनार न्हाई. चारी चाकं वढत्यात. वाट नसंल तितनं जाती. ह्यो विंच बग, झाड उपटंल. पत्रा बग, हातोडा परत येतोय. आजकालच्या गाड्या म्हंजी डालड्याचं डबं रं! हिनं मला कवा दगा दिला न्हाई."

मी ऐकत राहिले. हे शब्द ऐकायला मी किती तरसले होते! भाऊसोंपुढं असं उघड नाही, बनुबाईंपुढं नाही, माझ्यापुढं तर नाहीच. आणि आज सगळं एका दमात, मला खपवण्यासाठी.

केरबानं शांतपणे विचारलं, "आवं फौजी, येवढी गुणाची हाय, मग इकताय कशाला?"

माझ्या फाळक्याची कडी फौजी उगाच लावत आणि काढत राहिले.

"लेक आलीया बाळतपनाला," शेवटी ते म्हणाले. "उद्या तान्हं घिऊन सासरी जायची. हिच्या धक्क्यात तान्ह्या जिवाला कसं घालू? आन् दोन गाड्या पोसायची आमची ऐपत न्हाई."

केरबा हसला. "आमची कोकरं बसतीन की. त्यास्नी धक्का म्हंजी आईचं चालनं."

इंजिन सुरू करायचं हँडल त्याच्या हातात देताना फौजींनी ते आपल्या धोतरानं पुसलं. मला निरोप म्हणून तेवढंच.

आता मी आटपाडीच्या माळावर असते. चालून दमलेली कोकरं माझ्या हौद्यात झोपतात, माझी चाकं चाटतात. केरबाच्या घरात दुसरी गाडी नाही, त्यामुळं मी सुखात आहे. तरी कराडच्या रस्त्यावर तुम्हाला कधी ती निळी मॅटाडोर दिसली, तर माझा एक निरोप तिला द्या.

म्हणावं, अंजनाला बाळासकट औंधला नेशील तेव्हा ध्यान दे. ती बोलता बोलता गप्प झाली की समज, तिला मळमळतंय. बापाला ती थांबा म्हणायची नाही, आणि बापाचं लक्ष रस्त्यावरून हटायचं नाही. अशा वेळी मी आपली आचका देऊन बंद पडायची. फौजी शिव्या घालत खाली उतरून हँडल मारायचे, तोवर पोरगी बाभळीच्या सावलीत चार श्वास घ्यायची. भर रस्त्यात बंद पडते म्हणून माझं नाव वाईट झालं, ते असं.

तू नवी आहेस. तुझ्या नावाला अजून डाग नाही, आणि एकदा लागला की तो जात नाही. तरी पोरगी गप्प झाली की तू बंद पड, बाई.