बटणावरचा अंगठा

राजाराम वडणगेकरांना त्या स्टुलावर दुसऱ्या कुणी नाही, त्यांच्याच पत्रानं बसवलं होतं.

अमेरिकेत, मिशिगनमधल्या ॲन आर्बरच्या एका कंपनीत ते सतरा वर्षं पुलांची गणितं करत होते. चारचौघांत बोलायची वेळ आली की घसा कोरडा पडायचा. कागदावर मात्र ते कुणाचं ऐकत नसत. १९८४च्या नोव्हेंबरात त्यांचा मित्र गिरीश, जो दातांचा डॉक्टर होता आणि कशाचीही तिकिटं काढायचा, त्यांना आणि त्यांच्या बायकोला, लतिकाला, शेजारच्या राज्यातल्या टोलेडोला इनडोअर सॉकर बघायला घेऊन गेला. तासाभराचा रस्ता. आइस हॉकीच्या रिंगणात बर्फ तसाच ठेवून वर हिरवा गालिचा अंथरला होता. एका बाजूला सहाच खेळाडू, भोवती फळ्या, फळ्यांवर जाड काच. नारिंगी चेंडू बाहेर जातच नसे, फळीवर आपटून परत पायात येई. टोलेडो लँटर्न्स हा घरचा संघ जिंकला, गिरीशचा आवाज बसला, आणि राजारामांनी घरी येऊन संघाच्या मॅनेजर मिसेस कोवाल्स्कींना तीन पानी पत्र लिहिलं. गोल झाला की लाल दिवा लावायला गोलमागे, काचेपलीकडे जो गृहस्थ बसतो, तो तिरका बसतो. त्याला रेषा दिसणं शक्य नाही. आकृती सोबत जोडली आहे.

आठवड्यानं फोन आला. बाईंचा आवाज चाळीस वर्षांच्या सिगरेटींनी घोटलेला. "तो गृहस्थ फ्लोरिडाला राहायला गेला. आता तुम्हीच या."

"मग नाही का म्हणाला नाहीत?" लतिकानं विचारलं.

"म्हणणार होतो. तेवढ्यात त्यांनी फोन ठेवला."

अशी सुरुवात झाली. लाकडी स्टूल, डोक्यावर दिवा, उजव्या मुठीत वायरीच्या टोकाचं बटण. चेंडू सबंध रेषेपलीकडे गेला की दाबायचं, नाहीतर नाही. शेवटचा शब्द रेफरीचा; पण रेफरी धावत असतो आणि दिवा जागेवर असतो, म्हणून बहुतेक वेळा तो दिव्याचं ऐकतो. पहिल्या तीन मॅचमध्ये राजारामांनी तेरा गोलांना दिवा लावला आणि एकही चुकला नाही. कोल्हापुरात शाळकरी वयात ते पेठेच्या मॅचला गोलच्या मागेच उभे राहत. खेळायला कुणी घेत नसे, पण जाळी हलली की सगळ्यात आधी "गेला!" म्हणून ओरडायचा मान त्यांचा असे.

डिसेंबरातल्या एका शनिवारी दुपारी ईरी शहराचा संघ आला. चार-चार बरोबरी, शेवटचं मिनिट. लँटर्न्सचा फटका वरच्या दांडीला लागून सरळ खाली आला, रेषेवर आदळला आणि बाहेर उडाला. त्या क्षणी राजारामांच्या तोंडून मराठीत "गेला!" निघालं आणि त्याच्याबरोबर अंगठाही गेला. दिवा लागला. रेफरीनं हात वर केला. पाच-चार.

मग त्यांना दिसलं. म्हणजे डोळ्यांनी आधीच बघितलं होतं, ते आता पोचलं. चेंडू रेषेवर होता. अर्धा आत, अर्धा बाहेर. तो गोल नव्हता.

ईरीचा गोलकीपर स्टेफान, मिशाळ, दरवाजाएवढा माणूस, काचेपाशी आला. ओरडला नाही. नाक काचेला टेकेल इतका जवळ येऊन त्यानं राजारामांकडे नुसतं बघितलं आणि गेला. स्टँडमध्ये गिरीश नाचत होता.

त्याच वेळी उठून सांगायला हवं होतं. पण काच मध्ये होती, बँड वाजत होता, आणि रेफरी पलीकडच्या टोकाला पोचला होता. कारणं भरपूर होती. गाडीत गिरीश म्हणाला, "राजाभाऊ, आज तुम्ही मॅच जिंकून दिली!" तेव्हा ते हसलेसुद्धा.

त्या दिवसापासून त्यांना एका जागी बसवेना. जेवता जेवता उठून खिडकीशी जात. ऑफिसात पेन्सिल हातात घेत आणि ठेवून देत. आलेख-कागदावर चेंडू काढायचा, स्टूल काढायचं, दांडीवरून खाली येण्याचा कोन मांडायचा. एकदा उत्तर यायचं की चेंडू पुरता आत होता, दुसऱ्यांदा, नव्हता. लतिकाला सोफ्याच्या गादीखाली कागद सापडले.

"अहो, हा कुठला पूल आहे? गोल दिसतोय."

"पूल नाही."

त्यांनी तिला सगळं सांगितलं. ऐकून ती म्हणाली, "मग त्या बाईंना सांगून टाका."

"पण मी आत्ता चुकत असलो तर? तेव्हा बरोबर असलो तर?"

"तुम्हाला काय दिसलं होतं?"

"तेच तर ठरत नाहीये."

जानेवारीत त्यांनी मिसेस कोवाल्स्कींना पत्र लिहायला घेतलं. पहिलं चार पानी झालं, दुसरं सहा. एकही पाकिटात गेलं नाही. दर मॅचला मात्र ते वेळेच्या तासभर आधी स्टुलावर हजर असत. त्यांनी स्वतःला एक नियम घालून घेतला होता. चेंडू रेषेजवळ आला की आधी मनाला विचारायचं, हा गोल व्हावा असं तुला वाटतंय का? वाटत असेल तर थांबायचं, पुन्हा बघायचं. त्यामुळे पाहुण्या संघाच्या गोलाला दिवा लगेच लागे आणि लँटर्न्सच्या गोलाला एक श्वास उशिरा. लोकांच्या ते ध्यानात आलं. मागच्या रांगेतला एक म्हातारा दर वेळी ओरडायचा, "प्रोफेसर, जागे व्हा!" लँटर्न्सचा कोच येता-जाता काचेवर टकटक करून जायचा.

एक गिरीश सोडला तर आपल्याला कुणी विश्वासाचा माणूस म्हणत नाही, आणि गिरीशला खरं ठाऊक नाही, हे त्यांना घासात खडा लागावा तसं लागत राहिलं.

सीझन हळूहळू त्यांच्या मानगुटीवर येऊन बसला. फेब्रुवारीत लँटर्न्स सलग पाच हरले, मार्चमध्ये सहा जिंकले. एप्रिलच्या पहिल्या रविवारी शेवटची मॅच उरली, घरच्या मैदानावर, ईरीशीच. दोघांचे विजय सारखे. जिंकेल तो प्लेऑफच्या बाद फेरीला जाईल, हरेल त्याचा सीझन तिथेच संपेल. राजारामांनी हिशेब करून बघितला. डिसेंबरातला तो एक गोल काढला असता तर ईरी कदाचित आधीच पुढे गेला असता, आणि आजच्या मॅचला काही अर्थ राहिला नसता.

"आज जाऊ नका," लतिका म्हणाली. "ताप आलाय म्हणून मी फोन करते."

"ताप नाहीये मला."

"तोंडाकडे बघून तर वाटतंय."

"आज मी नीट बघणार आहे," ते म्हणाले. "आजचा दिवस तरी."

एरिना दुपारी दोनलाच भरलं होतं. गालिच्याखालच्या बर्फाचा गारवा काचेच्या फटीतून पायांपर्यंत येत होता. खेळाच्या चार भागांपैकी पहिल्या तीन भागांत त्यांच्या टोकाला चार गोल झाले आणि चारही चोख होते, लहान मुलानंही दिवा लावला असता. चौथा भाग सुरू झाला तेव्हा चार-चार. राजारामांच्या बाजूच्या गोलमध्ये स्टेफान उभा होता, त्यांच्याकडे पाठ करून, सहा फुटांवर. दर थोड्या वेळानं तो मान वळवून बघायचा, चेंडूकडे नाही, त्यांच्याकडे.

बरोबरी तशीच होती आणि चाळीस सेकंद उरली असताना लँटर्न्सच्या एकानं फळीवरून परत आलेला चेंडू तसाच मारला. दांडीच्या आतल्या बाजूला लागून तो खाली आला. स्टेफान मागे पडत होता. पडता पडता त्यानं हात घालून चेंडू बाहेर काढला आणि लांब फेकला.

राजारामांनी बघितलं. पांढरी रेषा, मग हिरवा गालिचा, मग चेंडू. रेषा आणि चेंडू यांच्यामध्ये चार बोटं हिरवं होतं.

तुला हा गोल हवाय का? हवाय. मग थांब.

ते थांबले. पुन्हा बघायला तिथे आता काहीच नव्हतं. एक, दोन, तीन. खेळ पलीकडे पोचला होता, लोक उभे राहून त्यांच्याच दिशेनं ओरडत होते. तेव्हा त्यांनी बटण दाबलं, इतक्या जोरात की नख पांढरं पडलं.

रेफरीनं शिट्टी वाजवली आणि धावत आला. दोन काचांमधल्या फटीला तोंड लावून म्हणाला, "हे काय आहे? आत्ता कशाचा दिवा?"

"चेंडू आत होता. पुरता आत. हातानं बाहेर काढला."

"मग तेव्हाच का नाही लावला?"

ईरीचा कोच बाकावर चढून ओरडत होता, "डिसेंबरातही यानंच चोरला! हाच माणूस!"

रेफरीनं दिव्याकडे पाहिलं, वायरीकडे पाहिलं. त्याच्या घामेजलेल्या चेहऱ्यावर थोडी दया आली. "बटण अडकलं होतं का? तसं असेल तर सांगा. तसं असेल तर मला गोल देता येईल."

हो म्हणून मान हलवायची होती, इतकंच. गोल खरा होता. त्या मान हलवण्यानं कुणाचं काही लुबाडलं जाणार नव्हतं, उलट ज्याचं त्याला मिळणार होतं. राजारामांनी बटणाकडे पाहिलं. चार महिने ते बटण एकदाही अडकलं नव्हतं.

"बटण चांगलं आहे," ते म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. घसा कोरडा नव्हता. "डिसेंबरात मी चुकीचा दिवा लावला. तो गोल नव्हता. तेव्हापासून माझा अंगठ्यावर भरवसा नाही, म्हणून आज उशीर झाला. आजचा गोल खरा आहे."

"हे तुम्ही मला आत्ता सांगताय?"

"हो. आधी सांगायला हवं होतं."

"एक खोटा आणि एक खरा, आणि कुठला कुठला ते मी तुमच्या शब्दावर मानायचं."

"हो," राजाराम म्हणाले.

रेफरी वळला. दोन्ही हात छातीसमोरून फाकवले. गोल नाही.

त्यानंतर जो आवाज झाला तो राजारामांनी कोल्हापुरातही ऐकला नव्हता. पॉपकॉर्न, कागदी पेले, कुणाचा तरी हातमोजा काचेवर येऊन आपटला. ते स्टुलावर बसून राहिले. चाळीस सेकंद संपली. जादा वेळेत पहिला गोल करील तो जिंकेल असा नियम होता, आणि तिसऱ्याच मिनिटाला पलीकडच्या टोकाचा दिवा लागला, जराही न अडखळता. ईरीचे खेळाडू एकमेकांच्या अंगावर पडले.

स्टेफान आपला टॉवेल घ्यायला गोलपाशी आला. चार महिन्यांपूर्वी तो काचेला नाक लावून बघत होता. आज त्यानं टॉवेल खांद्यावर टाकला, पाण्याची बाटली उचलली, आणि मान वर करून काचेकडे बघितलं नाही. राजाराम त्याच्याकडे बघत होते. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्यालाही चार बोटं दिसली होती.

मिसेस कोवाल्स्की मागच्या बोळात भेटल्या. हातातली सिगरेट पेटवायची राहून गेली होती.

"बटण अडकलं म्हणायला काय जीव जात होता का तुमचा?"

"ते अडकलं नव्हतं."

"मला माहीत आहे हो नव्हतं! माझी बावीस माणसं उद्यापासून घरी बसणार आहेत."

"मी त्या सगळ्यांना पत्र..."

"पत्र नको!" त्या एवढ्यानं ओरडल्या की बोळातला झाडूवाला थांबला. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "आत होता?"

"होता."

त्यांनी हात पुढे केला. राजारामांनी स्टुलावर बसण्याचा पास त्यांच्या हातावर ठेवला.

परतताना गाडी लतिकानं चालवली. गिरीश मागच्या सीटवरून मिशिगनची हद्द येईपर्यंत बोलत होता. "एकदा मान हलवायची यार! खाली-वर! खरं बोलायलाच मान हलवायची होती ना? आणि डिसेंबरचं कुणी विचारलं होतं तुम्हाला? मी आख्ख्या गावाला सांगत फिरलो, आमच्या राजाभाऊंनी मॅच जिंकून दिली म्हणून!"

"गिरीशभाऊजी, पुरे आता," लतिका म्हणाली.

"पुरे काय वहिनी? सीझन गेला!"

"हो, गेला. तुमचंही बरोबर आहे. पण पुरे."

गिरीश बाहेर बघत राहिला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतांत चिखल होता, सावलीतला बर्फ तेवढा उरला होता. राजारामांच्या मांडीवर हात पडले होते, दोन्ही उघडे.

"खरंच आत होता?" लतिकानं रस्त्यावरची नजर न काढता विचारलं.

"हो."

"किती?"

"चार बोटं."

असल्या उत्तराच्या मागून त्यांचा एक 'पण' यायचा. लतिका त्याची वाट बघत होती, आणि खरं तर तेही बघत होते. दोन मैल गेले, मोटेलची पाटी गेली, पेट्रोल पंप गेला.

"वाटेत कुठे थांबू या का?" ते म्हणाले. "मला भूक लागली आहे."