सवतीचा टाक

खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हे सासुरवाशिणीचं राज्य. वर्षभर चूल, जातं आणि सासूचं तोंड यांच्यापुढे मान खाली घालून राहिलेली पोर आखाजीला माहेरी आली, की तिला कोणी अडवायचं नाही. ती झोके घेईल, गाणी म्हणेल, नदीपलीकडच्या बायांना पोटभर शिव्या घालील, आणि मनात आलं तर मैत्रिणी जमवून डोंगरालासुद्धा जाईल. बापाने फक्त म्हणायचं, "सांजले घर या."

तर आखाजीच्या आदल्या दिवशी तिघी उजाडायच्या आत निघाल्या. बहात्तरच्या दुष्काळाआधीची गोष्ट. पिंपळनेरच्या अंगाला सपाट रान संपून डोंगर लागतात, तिथे गवळाई देवीचं ठाणं आहे. जाऊन यायचं तर अख्खा दिवस मोडतो. पुढे भागाबाई. तिच्यामागे बेबाबाई, चार लेकरांची आई, तोंडाने फटकळ. सगळ्यात मागे कुसुमलता, गावातल्या माणकचंद मारवाड्याची लेक. तिला धुळ्याला दिलेली. आईचं वर्षीतप, म्हणजे जैनांचा वर्षभराचा उपास, उद्या सुटायचं म्हणून आली होती. तिच्या एका हातात उकळलेल्या पाण्याचा चंबू, दुसऱ्या हातात छत्री.

"कुसुम, डोंगर चढाले चालनी का दुकान मांडाले?" बेबाने टोमणा मारला.

"तहान लागेल तेव्हा विचारीन हं तुला," कुसुम म्हणाली.

भागा हसली, पण तिचं चित्त पुढे ठाण्यावर होतं. लग्नाला सहावं वर्ष, कूस उघडली नव्हती. सासू उठता-बसता दुसरी आणायची भाषा करायची. नवरा झुलाल ना हो म्हणायचा, ना नाही. भागाला त्या घराबाहेर दुसरं जग ठाऊक नव्हतं. तो गोठा, ते परसातलं लिंबाचं झाड, तो मुका नवरा, एवढाच तिचा संसार, आणि तो हातचा जाईल या धास्तीने ती रात्रंदिवस राबायची. गवळाईची ओटी भरून तिला एकच मागायचं होतं: माझं घर मला राहू दे.

"पण औंदा सासू सुधरनी बरं का," ती चालता चालता म्हणाली. "दरसाल दोन दिवस धाडस. औंदा पंधरा दिवस आधीच धाडं. नवं लुगडं दिनं. म्हने, जाय माय, आराम कर."

बेबा थबकली. "भागा, मांजर डोया मिटीसन दूध पेस."

"तुले सगळं वाकडंच दिसस!" भागा चिडली. बेबाने पुढे जीभ आवरली, हे नवलच.

चढणीच्या तोंडाशी चिंचेखाली भाकरी सोडल्या. कळण्याची भाकर, ठेचा, कैरी. कुसुमचे खाखरे वेगळे. उखाण्याशिवाय उठायचं नाही असं बेबाने फर्मान काढलं. नवऱ्याचं नाव एरवी कोण घेतं? भागाने तर सहा वर्षांत उखाण्याबाहेर ते ओठावर आणलं नव्हतं. ती लाजली, पदर तोंडाशी नेला, मग म्हणाली,

"पायखाले तापना आखाजीना फुफाटा,
झुलालरावनं नाव लेस, सोडा मन्या वाटा."

दोघींनी टाळ्या पिटल्या. भागाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

ठाण्यावर ओटी भरली. नारळ पांढराशुभ्र निघाला. आता काळजी नाही, असं भागाला वाटलं. उतरताना ती गाणं म्हणत होती. देवी कौल देते की थट्टा करते, हे माणसाला मागाहून कळतं!

ऊन कलताना तिघी डोंगराखालच्या गाडवाटेला लागल्या. पाहतात तर ओढ्याजवळ करंजाच्या सावलीत तीन बैलगाड्या सोडलेल्या. गाड्यांना आंब्याच्या डहाळ्या, बैलांच्या शिंगांना बेगड. म्हणजे वऱ्हाड! उद्याचा मुहूर्त गाठायला निघालेलं. पण वाजंत्री गप्प. डफवाले होते, डफ काखेत धरून खाली माना घालून बसले होते.

"बाई वं! वऱ्हाड शे का मयत?" बेबा पुटपुटली. "आनि धोपट रस्ता सोडी या आडवाटंनं काब?"

धोपट रस्ता भागाच्या माहेरावरून जात होता. पण ते तेव्हा कोणाच्या डोक्यात आलं नाही, कारण भागा एकदम ओरडली, "चांद्या! आमना चांद्या!"

पहिल्या गाडीचा बैल. कपाळावर पांढरा ठिपका, एक शिंग खाली वळलेलं. भागाने वासरू असल्यापासून त्याला हाताने चारलं होतं. सासरच्या गावात कोणाचं लग्न निघालं असेल, आपली गाडी दिली असेल, म्हणजे तेही आले असतील! आनंदाने ती पळतच सुटली. नवऱ्याला मैत्रिणींदेखत चिडवायची अशी संधी पुन्हा कुठली?

चांद्याने मान वर केली आणि तिच्या तळव्यात नाक खुपसलं. गाडीजवळ तिचा दीर पुना उभा होता. त्याने तिला पाहिलं, आणि त्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

"भाऊ, कोनं लगीन शे?" भागाने विचारलं.

मागच्या गाडीच्या पडद्यातून सासूचं तोंड बाहेर आलं आणि लगेच आत गेलं. मग भागाने पुढच्या गाडीत पाहिलं. आत नवरदेव बसला होता. अंगाला हळद, कपाळाला मुंडावळ्या, तोंडावर रुमाल. रुमाल धरलेल्या हाताचं करंगळीचं टोक तुटलेलं. कडबा तोडताना तुटलं होतं ते. रक्त थांबेना तेव्हा भागाने आपल्या लुगड्याची चिंधी फाडून बांधली होती.

तिला वाटलं, ऊन लागलं. डोंगर चढून डोकं फिरलं. ती गाडीचं चाक धरून उभी राहिली. अगं बाई, हे खरं नाही, हे खरं नाही, एवढंच मनात.

सावलीतून एक म्हातारा उठून आला. चुडामण आबा, नवरीचा चुलता, वऱ्हाड न्यायला आलेला. "पुना, कोन शे ही बाई?"

"कोन जाने, आबा," पुना म्हणाला. "वाटवरनी कोनी येडी दिसस."

तो हे म्हणत होता तेव्हा चांद्या भागाचा हात चाटत होता. आबाने बैलाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"मी यास्नी घरवाली," भागा म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

"घरवाली? यास्नी पहिली तं मरी गई! गया आखाजीले."

"मी मरी गऊ?"

"मंग हाई कोनं शे?" आबाने उपरण्याची गाठ सोडली. काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा टाक, बोटाच्या पेराएवढा. पहिली मेली आणि दुसरी आणली, तर पहिलीचा टाक दुसरीच्या गळ्यात बांधतात. रोज हळदकुंकू लावायचं, म्हणजे मेलेली सवत छळत नाही. सासूनेच तो घडवून पोरीसाठी आबाच्या हवाली केला होता.

भागाने तो घेतला. बाईचं चिमुकलं तोंड, दोन ठिपक्यांचे डोळे. सोनाराने नाकात नथ कोरली होती. नथ तर मला कधी मिळालीच नाही, असं काहीतरी भलतंच तिच्या मनात आलं. पंधरा दिवस ती माहेरी झोके घेत होती, आणि तिकडे ती वर्षापूर्वीच मेलेली होती!

बेबा पुनावर तुटून पडली. कुसुम ओरडत होती, "पहिली जिवंत असताना दुसरी? कायदा आहे आता!" भागाला त्यातलं काही ऐकू आलं नाही. तिने रुमालामागच्या डोळ्यांत पाहिलं.

"तुम्ही तरी बोला. मी कोन शे?"

झुलालने नजर पायाशी नेली. सहा वर्षांत ना हो, ना नाही. आजही तेच!

भागा पुढे झाली. दोऱ्याचं वेटोळं उघडलं आणि मुंडावळ्यांवरून त्याच्याच गळ्यात घातलं.

"हाई ले, झुलाल," ती म्हणाली. ना राव, ना उखाणा. डफवाल्यांनीसुद्धा माना वर केल्या. "मी तं मरी गऊ. मरेल बाईले नवरा नई ऱ्हास, मंग तुनं नाव लेवाले कसानी लाज? रोज हयदकुकू लावजो, झुलाल."

आबाने आपल्या गाडीवानाला हाक मारली. "गाडी जुप रे. आमनी पोर देवानी नई आम्हले." मागच्या गाडीत सासूने हंबरडा फोडला.

भागाने चांद्याच्या कपाळावरून एकदा हात फिरवला आणि ती चालू लागली. कुसुमने चंबू तिच्या तोंडाला लावला. तिघी ओढा उतरून पलीकडे गेल्या, तेव्हा मागून हाक आली.

"भागा! ए भागा!"

बायकोचं नाव झुलालनेही आजवर कधी चारचौघांत घेतलं नव्हतं. बेबाने तिचा दंड धरला. "तुले हाका मारी ऱ्हायना वं."

भागाने पदर सारखा केला. "मरेल मानूसले आयकू येस नई," ती म्हणाली, आणि घराची वाट चालू लागली.