खोटे ठरवलेले जहाजी घड्याळ

मित्रांनो, मी एक जुने जहाजी घड्याळ आहे. जहाज कितीही डुललं तरी मी कलू नये म्हणून मला पितळी कड्यांत टांगून लाकडी पेटीत ठेवलं होतं. दुपारी सूर्य पाहायचा, माझ्यातली निघाल्या बंदराची वेळ पाहायची, की दोन्हींच्या फरकावरून जहाज पूर्वेला-पश्चिमेला कुठवर आलं ते समजे.

अकरा वर्षं मला एकाच माणसानं किल्ली दिली. तो जहाजावरचा दुय्यम अधिकारी. रोज सकाळी आठला पेटी उघडून म्हणायचा, "काय म्हातारबा, बरं आहे ना?" मुलगी झाल्याची तार आली, तेव्हा कप्तानाच्याही आधी त्यानं मला सांगितलं.

मी रोज दोन सेकंद पुढे जात असे. ही माझी खोड त्याला पाठ होती. तेवढे सेकंद तो हिशेबातून वजा करी. बंदर सोडून वीस दिवस झाले होते. त्या दुपारी घाईत त्यानं चाळीस सेकंद वजा करायचे ते मिळवले. ऐंशी सेकंदांच्या त्या फरकानं जहाज वीस मैल भलतीकडे असल्याचं समजलं गेलं आणि संध्याकाळी खडकावर चढलं. धक्क्यानं सुतार जिन्यावरून कोसळला. त्याचा पाय कायमचा अधू झाला.

अधिकारी धावत आला, वही उघडली, चूक पाहिली. त्यानं ते पान फाडून खिशात घातलं.

चौकशीत मला टेबलावर ठेवलं होतं. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "जुनं झालंय साहेब. मधूनच भरकटतं."

मी टिकटिकत होतो. त्याचा अर्थ कोणाला कळणार?

मला मोडीत काढलं. एका घड्याळजीनं मला आपल्या दुकानात नेऊन महिनाभर तपासलं. पुढे तो अधिकारी कप्तान झाला. एकदा तो त्याच दुकानात आला. घड्याळजी म्हणाला, "साहेब, तुमच्या जहाजावरचं हे घड्याळ तर अगदी नेमानं चालतं हो!"

"माहीत आहे मला," तो हळूच म्हणाला. "कुणाला सांगू नका."

त्यानं माझं झाकण लावलं आणि तो निघून गेला.

मुलांनो, आम्हाला तेल द्या, पुसा, वेळेवर किल्ली द्या. तेवढं नाही जमलं तरी चालेल. पण ज्याला तोंड नाही, त्याच्यावर आपली चूक ढकलू नका. त्या सुताराला अजून वाटतं, की त्याचा पाय मी मोडला.