खटक्यावरची चिकटपट्टी

हरीशनं सुई तबकडीवर ठेवली आणि हात मागे घेतला. पहिले चार सूर ऐकून रेवतीला वाटलं, दुकानात दुसरंच काहीतरी लागलंय.

"भैया, ये नहीं. मेरा वाला लगाइए."

"आपका ही है, मॅडम. देखिए, घूम रहा है."

फिरत होती खरी. तीच छोटी तबकडी, मधला कागद कसरीनं खाल्लेला, उरलेल्या तुकड्यावर आबांनी बॉलपेननं घातलेली तारीख. पण तिच्यातून येत होतं एक चपळ, हसतमुख व्हायोलिन. कोणी तरुण माणूस दोन-दोन पायऱ्या गाळत जिना उतरत असावा, तसं. रेवती ही तबकडी पाळण्यात असल्यापासून ऐकत होती. तिच्यात व्हायोला होता, व्हायोलिनचा जड आवाजाचा थोरला भाऊ. आणि तो जिना असा उतरत नव्हता. तो प्रत्येक पायरीवर थांबून गुडघा चोळायचा.

"छोटी वाली पैंतालीस पे चलती है, मिनट में पैंतालीस चक्कर," हरीश म्हणाला. "घर में कितने पे बजाते थे?"

रेवतीला घरचा रेकॉर्ड प्लेअर आठवला. त्याच्या वेगाच्या खटक्यावर चिकटपट्टी होती, जखमेवर लावतात तसली. खटका बिघडलाय, हात लावायचा नाही, हा घरातला नियम होता. गॅस बंद करणे आणि चपला बाहेर काढणे यांच्याइतकाच जुना.

"तैंतीस पे," ती म्हणाली.

हरीशनं खटका सरकवला. व्हायोलिन जागच्या जागी म्हातारं झालं. आवाज खाली उतरला, जड झाला, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत, कंप पावत जाऊ लागला. आता तो व्हायोला होता. आता ते तिचं बालपण होतं.

हरीशनं दोन मिनिटं डोळे मिटून ऐकलं.

"ये भी अच्छा है," तो म्हणाला. "बीमार है, पर अच्छा है. कौन सा कॉपी करूँ?"

दिल्लीच्या द्वारका भागातल्या त्याच्या दुकानात न चालणाऱ्या तबकड्यांची घड्याळं करून भिंतीवर लावलेली होती. प्रत्येक घड्याळात वेगळीच वेळ होती. रेवतीनं त्यांतल्या कुठल्याशा एका घड्याळाकडे पाहिलं.

"दोनों," ती म्हणाली.

मेट्रोत द्वारका ते मयूर विहार बसायला जागा मिळाली. एरवी तिनं ही बातमी घरी फोन करून सांगितली असती. आज तिनं फक्त व्हायोलाची पेटी गुडघ्यांत धरली आणि शुक्रवारपर्यंत किती तास आहेत ते मोजलं.

परदेशातल्या एका कॉलेजात 'जुन्या वादनशैली' नावाचा दोन वर्षांचा कोर्स होता आणि त्यात व्हायोलासाठी एकच जागा होती. मागच्या आठवड्यात व्हिडिओवर मुलाखत झाली. समोर तीन परीक्षक. रेवती गेली दोन वर्षं नोएडाच्या एका क्लासमध्ये आबांची सवय घालवत होती. तिथले सर म्हणत, सूर स्वच्छ लाव, मध्ये घसरू नकोस, स्कूटर सुरू होत नाहीये असं वाटतं. पण मुलाखतीत ती घाबरली, आणि घाबरल्यावर माणूस घरच्या भाषेत बोलतो तशी ती आबांसारखी वाजवू लागली. सूर घसरले. कंप संथ आणि रुंद झाला. त्यात तिनं व्हायोला आबांच्या सवयीनं जरा खालीच लावलेला होता.

संपल्यावर त्यांच्यातली पांढऱ्या केसांची बाई पुढे वाकली. शंभरेक वर्षांपूर्वी लोक सूर असे घसरत नेत असत, ती म्हणाली. मग ते गावंढळ ठरलं. मग अखंड कंपाची फॅशन आली, मग त्याचाही कंटाळा आला आणि सगळे स्वच्छ वाजवू लागले. आता आम्ही जुन्या, खरखरणाऱ्या तबकड्या ऐकून ते घसरणं पुन्हा शिकतोय. तू कुठं शिकलीस? आणि सूर खाली लावतेस, तेही जुन्या काळासारखं. हे कुठलं घराणं?

"माझे आजोबा," रेवती म्हणाली. "ते एका तबकडीवरून शिकले."

तिघांनी वह्या उघडल्या. मूळ ध्वनिमुद्रण पाठवा, त्यांनी सांगितलं. शुक्रवारपर्यंत. निर्णय त्यावर अवलंबून असेल.

त्या ध्वनिमुद्रणाच्या दोन प्रती आता तिच्या फोनमध्ये होत्या. एक खरी होती. दुसरी पाठवली तर जागा मिळत होती.

घरी आई स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत होती. कुमुद केंद्र सरकारच्या नोकरीतून दीड वर्षापूर्वी स्वेच्छेनं निवृत्त झाली होती आणि तेव्हापासून कोथिंबीर फाइल तपासावी तशी निवडायची.

"आई, आबांच्या प्लेअरचा खटका कधी बिघडला?"

"माझ्या लग्नाआधी. मी एकदा पुसायला गेले तर म्हणाले, हात लावू नकोस, शॉक बसेल." कुमुदनं एक पिवळं पान बाजूला काढलं. "प्लग काढलेला होता."

"मग तू काही म्हणाली नाहीस?"

"नवी सून होते गं. आणि शॉक बसतो असं सासरे म्हणतायत म्हटल्यावर बसतो."

आबा बाल्कनीत चहा पीत होते. बळवंत दाभाडे, वय एकोणऐंशी, सांगलीहून अडुसष्ट साली दिल्लीत केंद्राच्या मंत्रालयात कारकून म्हणून आले, सेक्शन ऑफिसर होऊन निवृत्त झाले. व्हायोलिन सांगलीतच थोडंफार शिकले होते. दिल्लीत एका वकिलातीच्या वाचनालयानं रद्दीत काढलेली ही तबकडी त्यांना मिळाली, ती त्यांनी ऐकली, आणि पुढच्या रविवारी दर्यागंजच्या वाद्यदुरुस्तीवाल्याकडे जाऊन असा आवाज कशातून येतो ते विचारलं. तो म्हणाला, इतका भारी म्हणजे व्हायोला असणार. आबांनी व्हायोलिन विकलं. पुढची पन्नास वर्षं संध्याकाळी सहा ते आठ ते व्हायोला वाजवत आले. शेजाऱ्यांनी सोसायटीकडे एकदा लेखी तक्रार केली होती. तक्रारीचं कारण 'उदास वाटतं' असं दिलं होतं.

"काय म्हणतो तुझा द्वारकेचा माणूस?"

"झाली कॉपी." ती वेताच्या मोढ्यावर बसली. पेटी तिनं भिंतीला टेकवली, सरळ केली, पुन्हा टेकवली. "आबा, एक ऐकवू?"

तिनं पंचेचाळीसवालं लावलं. तरुण माणूस बाल्कनीत दोन-दोन पायऱ्या गाळत उतरू लागला. आबांनी कप खाली ठेवला नाही. कान जरा फोनकडे केला. रेवती त्यांच्या डाव्या हाताकडे बघत होती. अंगठ्याशिवायची चार बोटं कपाच्या कडेवर हलत होती. फोनमधल्या लयीत नव्हे. त्याहून संथ.

संपलं.

"चांगला वाजवतो," आबा म्हणाले. "पण घाईत आहे."

"कोण असेल?"

"असेल कोणी. व्हायोलिनवाले असतातच घाईत." त्यांनी चहा संपवला. "आपलं कुठं आहे?"

तिनं दुसरं लावलं. आबा खुर्चीत मागे रेलले.

"हा बघ. उडी मारत नाही. एका सुरापासून दुसऱ्यापर्यंत चालत जातो. वाटेत कोणी भेटलं तर दोन शब्द बोलतो. तुझ्या नोएडाच्या सरांना सांग."

"सांगितलं होतं. ते म्हणाले, बाल्कनीत ठीक आहे."

"बरोबर आहे त्यांचं." आबा उठले, पायांत चपला सरकवल्या. "मी दोन चकरा मारून येतो. खाली सोसायटीच्या त्या सेक्रेटरीला, गुलाबरावाला गाठायचंय. गेटवर नवी पाटी लावलीय म्हणे, संध्याकाळी चालणाऱ्यांनी डावीकडून चालावं. वर्षानुवर्षं उजवीकडून चालतोय, काय बिघडलं?"

दार लागलं. रेवती आबांच्या खोलीत गेली.

प्लेअरचं झाकण तिनं दोन्ही हातांनी उचललं. चिकटपट्टी जागेवर होती. तिनं कड नखानं उचलली. वरची पट्टी पांढरी होती, अजून औषधाचा वास येणारी. तिच्याखाली पिवळी पडलेली एक होती. तिच्याखाली तपकिरी, आणि तिच्याखाली एक, जी सुटता सुटता चुरा झाली. बिघडलेल्या खटक्याला कोणी इतक्यांदा नवी पट्टी लावत नाही.

तिनं खटका पंचेचाळीसवर नेला. लोण्यातून सुरी फिरावी तसा गेला. पुन्हा तेहेतीसवर आणला. शॉक बसला नाही.

मग तिनं कपाटावरचा औषधांचा डबा काढला, चिकटपट्टीचा रोल शोधला, नवा तुकडा कापला आणि खटक्यावर लावला. कडा अंगठ्यानं दाबून बसवल्या. जुन्या पट्ट्या मात्र तिला फेकता येईनात. त्या तिनं व्हायोलाच्या पेटीत, गजाला लावायच्या राळेच्या डबीशेजारी ठेवल्या.

कॉलेजच्या फॉर्ममध्ये दोन रकाने होते. 'मूळ ध्वनिमुद्रण' आणि 'मूळ वादक'. पहिल्यात तिनं सगळं लिहिलं: व्हायोलिनची तबकडी, पंचेचाळीसची, घरी तेहेतीसवर लावलेली, वादकाचं नाव कसरीनं खाल्लेलं. लिहून झाल्यावर वाचलं. जागा गेल्याचं पत्र आपणच आपल्याला लिहावं, तसं ते वाटत होतं. तरी तिनं ते खोडलं नाही. फक्त शेवटी एक ओळ जोडली की ही शैली त्या तबकडीत नाही, ध्वनिमुद्रण सोबत जोडत आहे, आजचंच आहे.

दुसऱ्या रकान्यात तिनं लिहिलं: बळवंत दाभाडे, मयूर विहार.

आबा पावणेसहाला परतले. गुलाबराव भेटले नव्हते, ते डावीकडून चालत होते, आबा उजवीकडून.

"आबा, तुमचं एक रेकॉर्ड करायचंय. कॉलेजला पाठवायला."

"माझं कशाला? तबकडी आहे ना."

"तबकडी जुनी झाली. खरखरते."

आबांनी तिच्याकडे पाहिलं. मग प्लेअरकडे. झाकण बंद होतं, पण त्याच्या खाचेशी पट्टीचा कागद पडला होता, पाठीमागचा, गुळगुळीत. ती उचलायला विसरली होती. आबांनी वाकून तो उचलला, चुरगाळून खिशात टाकला आणि व्हायोला काढला. खुंट्या पिळून तारा जरा खालीच लावल्या. पाठ सरळ केली.

रेवतीनं फोन पुस्तकांना टेकवून उभा केला आणि लाल बटण दाबलं.

"थांब," आबा म्हणाले. गज हवेतच होता. "हा फोन बरोबर वेगानं घेतो ना?"

"घेतो, आबा."

"बघ हो," ते म्हणाले, आणि पहिल्या सुराकडे चालत निघाले.