खुर्चीवरचा भाऊ

परमेश्वरनं बटण दाबलं आणि मांडव तसाच अंधारा राहिला. रामप्रसादच्या चिमटीत नवरदेवाचा कान होता, भोवती वऱ्हाड हसत होतं, कॅमेऱ्याचा खटका वाजला होता. फ्लॅश तेवढा उडला नव्हता.

"ओ फोटुवाले, परत पिळू का?" रामप्रसादनं विचारलं.

"नगं बाबा," नवरदेव कान चोळत म्हणाला. "एका पिळण्याचा आहेर दिलाय, दोनीचा न्हाई."

हशा पिकला. परमेश्वरही हसला आणि पाठ फिरवून त्यानं फ्लॅशचे सेल पुन्हा बदलले. मागचा लाल दिवा पेटत होता, म्हणजे आत वीज भरलेली होती. तरी सकाळपासून मधूनच एखादा फोटो उजळ येई. बाहेर पालमच्या माळावरचं ऊन डोळे दिपवत होतं आणि जाड कापडाच्या मांडवात माणसांची तोंडं काळी पडत होती.

कानपिळीचा मान खरं तर रामप्रसादचा नव्हता. तो चुलत. नवरीचा सख्खा भाऊ योगीराज मागच्या पावसाळ्यात विहिरीवरची मोटार चालू करताना शॉक लागून गेला. लग्न ठरलं तेव्हा त्याच्या आईनं, धुरपदाबाईनं, परमेश्वरला एकच गोष्ट सांगितली होती.

"बाकी तुमाला काय काढायचं ते काढा. माझ्या दोनी लेकरांचा एक फोटु मला पाह्यजे."

आता ती योगीराजची तसबीर घेऊन आली. प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवून तिनं हार घातला. शेजारी नवरी राजनंदिनी बसली, पलीकडं नवरदेव, मागं आई उभी राहिली. मांडवाच्या फटीतून उन्हाचा एक पट्टा नेमका त्या खुर्चीवर पडला होता.

परमेश्वरनं बटण दाबलं. अंधार.

"आरं आवरा, जीपवाला बोंबलायलाय!" बाहेरून कुणीतरी ओरडलं. "दिवसाउजेडी गंगाखेड गाठायचंय."

"एकच मिनिट."

त्यानं फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवला. फ्लॅश बसतो त्या खाचेत नख फिरवलं, तर नखावर पिवळं आलं. हळद. काल नवरीला लावताना उडालेली, ओली आत गेलेली, तिथंच वाळलेली. काडेपेटीतल्या काडीनं त्यानं खाच खरवडली, शर्टाच्या टोकानं पुसली, फ्लॅश परत सरकवला आणि वरून अंगठ्यानं घट्ट दाबून धरला.

लख्ख उजेड पडला. पुन्हा पडला. पुन्हा.

"झालं!" तो म्हणाला. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर राजनंदिनीच्या नथीतला मोतीसुद्धा चमकत होता. सकाळपासून पहिल्यांदाच त्यानं मोकळा श्वास सोडला.

जीप निघाली. रडारड झाली, धूळ उडाली, धूळ बसली. मांडवात खुर्च्या उरल्या.

धुरपदाबाई डोळे पुसत त्याच्याजवळ आली. "दाव बाबा. माझं लेकरू कसं आलंय?"

त्यानं फोटो मोठा केला. योगीराजच्या जागी पांढरा गोळा होता. कपाळ नाही, डोळे नाहीत. नुसता काचेवर आदळलेला फ्लॅश. पुढचा फोटो पाहिला. तेच. त्याच्या पुढचा. तेच. काचेची तसबीर असली की ती किंचित पुढं झुकवायची, म्हणजे उजेड जमिनीकडं जातो. कितीतरी वर्षश्राद्धांना त्यानं न विसरता हे केलं होतं. आज त्याचं सगळं ध्यान अंगठ्याखाली होतं.

तो मागच्या फोटोंवर गेला. फ्लॅश न उडालेला फोटो अजून पुसला नव्हता. त्यात, उन्हाच्या पट्ट्यात, योगीराज स्वच्छ दिसत होता. हसत होता.

"ह्यो बघा काकू, ह्यात आलाय."

धुरपदाबाई पडद्यावर वाकली. बराच वेळ पाहत राहिली. मग तिचं बोट काचेवरून हळूहळू सरकलं.

"आन् नंदा कुठं हाय?"

"ही." त्यानं एक काळी आकृती दाखवली.

"ही व्हय."

"कॉम्प्युटरवर दोनी जोडून देतो, काकू. कुनाला कळणारसुदिक न्हाई."

"जोडायचाच आसता तर कवाबी जोडला आसता की." ती रागावली नव्हती. "मग त्येला मांडवात कशाला आणून बसवला आसता?"

परमेश्वरनं वळून बाहेर पाहिलं. रस्त्यावरची धूळ केव्हाच निवळली होती.

ती खुर्चीकडं गेली. उन्हाचा पट्टा आता सरकला होता आणि काचेत नुसतं बाहेरचं पांढरं आभाळ दिसत होतं. हार खुर्चीच्या पाठीत अडकला होता. तो सोडवायला तिनं तसबीर किंचित पुढं झुकवली. काचेवरचं आभाळ खाली घसरलं, आणि परमेश्वरला तो उभा होता तिथूनही योगीराजचा सगळा चेहरा दिसला.

त्याचा अंगठा अजून फ्लॅशवर दाबलेलाच होता.