खालची बाजू दादाची

कपाट जिन्यावरून वर चढवायचं तर खालच्या बाजूला खरा गडी लागतो. सगळं वजन त्याच्यावर. वरचा नुसता उलटा चालत हुकूम सोडतो. सामान हलवायच्या आमच्या धंद्यात दादा कायम खाली, मी वर. धाकटेपणाचे सगळे फायदे मी उपटले.

गेल्या वर्षी दादा मजल्यामजल्यावर थांबायला लागला. "थांब रे, वळण बघू दे," म्हणायचा. वळणावर कपाट अडकू नये म्हणून आमच्यात सगळेच थांबतात, म्हणून मला काही वाटलं नाही. तो सरळ जिन्यातही वळण बघायला लागला, तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. त्याच्या छातीत कळ येत होती आणि पठ्ठ्या गप्प होता. मी वहिनीला सांगितलं. तिने त्याला हॉस्पिटलात अक्षरशः ढकललं.

हृदयाच्या तीन रक्तवाहिन्या तुंबलेल्या निघाल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बायपास करू. पायातली शीर काढून तुंबलेल्या जागेला वळसा घालायचा, म्हणजे रक्ताला नवी वाट मिळते."

दादाने एकच विचारलं, "मग कपाट उचलता येईल?"

"आधी सिगारेट सोडा. छातीचं हाड जुळलं की बघू."

मला धडकीच भरली. घरी बसला तर दादा खचणार, हे मला ठाऊक होतं. आणि दुसऱ्या कुणाबरोबर मला जिना चढायचाच नव्हता.

ऑपरेशननंतर दादा आधी दारापर्यंत चालला, मग गल्लीच्या टोकापर्यंत, मग बाजारात जाऊन परत. मागे वहिनी, पोलिसासारखी.

"छातीत काही होतंय का?" मी सारखा विचारायचो.

"होतंय. तुझं तोंड बघून कंटाळा येतोय."

पुढे तपासण्या करून डॉक्टरीणबाईंनी जड कामाला हळूहळू परवानगी दिली. आधी खुर्च्या, मग टेबलं. आणि एक दिवस एका शिक्षिकेचं सागवानी कपाट, तिसरा मजला. मी गुपचूप खालची बाजू धरली. दादाने मला कॉलर धरून बाजूला केलं.

"वर हो."

तो कुठेही थांबला नाही. दम मलाच लागला. कपाट जागेवर ठेवलं, बाई खूश झाल्या. दादाने मान तिरकी करून पाहिलं.

"बाई, पलीकडच्या भिंतीला जास्त शोभेल," म्हणाला, आणि त्याने आपली बाजू उचललीसुद्धा!

इतके महिने मी त्याला काचेच्या भांड्यासारखं जपत होतो. आवाजसुद्धा चढवला नव्हता. आता मात्र माझं डोकंच फिरलं. बाईंच्या देखत मी त्याला पोटभर शिव्या घातल्या. दादा खदाखदा हसत होता, आणि शिव्या देता देता मी रडत होतो.