चौसाळ्याच्या पुढे फाटलेली पिशवी

मी एक जुनी, ताडपत्रीची जोडपिशवी आहे. मोटारसायकलच्या मागच्या सीटवर मला आडवं टाकलं की माझा एक कप्पा डावीकडे लोंबतो आणि एक उजवीकडे. उजव्या कप्प्यावर जळाल्याचा काळा डाग आहे. डावा कप्पा वरपासून खालपर्यंत फाटलेला आहे. मित्रांनो, हे कसं झालं ते सांगायलाच मी तुमच्याशी बोलते आहे. ऐकताना बरं वाटणार नाही, पण ऐका.

माझा जन्म बीडमध्ये, नबीभाईंच्या सीटकव्हरच्या दुकानात झाला. एका ट्रकवाल्याने टाकून दिलेल्या ताडपत्रीतला चांगला तुकडा कापून नबीभाईंनी मला शिवलं. दोरा जाड, शिवण दुहेरी, बक्कल जुन्या दप्तरांची. विकण्यासाठी नव्हे, त्यांनी मला स्वतःसाठी शिवलं होतं.

नबीभाईंचे एक मित्र होते, बीडजवळच्या पालीचे धुळाजी. त्यांचं सगळं आयुष्य मेंढरांमागे गेलेलं. दिवाळी झाली की मेंढरं भावाच्या ताब्यात देऊन धुळाजी दहा-पंधरा दिवस मोकळे व्हायचे आणि दोघे मित्र नबीभाईंच्या मोटारसायकलवर मुलूख बघायला निघायचे. पहिल्या वर्षी नबीभाईंनी माझ्यात चार शर्ट आणि तीन पँट कोंबल्या. धुळाजींनी त्यातलं बरंचसं बाहेर काढून खाटेवर ठेवलं.

"नबी, मी आठ म्हैने रानात असतो. जे पाठीवर घेऊन पळता येत न्हाई ते मी नेत न्हाई," ते म्हणाले.

"आन् मळलं तर?"

"धुवायचं. तुझ्या गाडीला वारं लई हाय, वाळतंय."

तेव्हापासून माझ्यात दोघांच्या कपड्यांचा एकेकच जोड असायचा, एक स्वेटर, एक टॉवेल आणि धुळाजींची घोंगडी. मुक्कामाला पोचले की दोघे अंगावरचे कपडे धुवायचे. सकाळी दमट राहिले तर ते माझ्यावर पसरून बांधायचे. नबीभाई प्रत्येक गाठ दोनदा ओढून बघायचे. माझ्यात आणि तापलेल्या सायलेन्सरमध्ये वीतभर अंतर राहायचं. मी हंपीचे दगड पाहिले, कोकणातला चिखल पाहिला. गॅरेजवाले मला हात लावून म्हणायचे, "कुणी शिवली ही? पोटात काही न्हाई तरी कशी ताठ बसलीय." मला फार बरं वाटायचं.

मग नबीभाईंचे गुडघे धरले. प्रवास थांबले. दुकानाच्या माळ्यावर फोमच्या तुकड्यांनी भरलेली मी बारा वर्षं पडून होते. एका उंदराने माझा डावा पट्टा कुरतडला. ते कुणाला दिसलं नाही.

मला पुन्हा खाली काढलं ते अदिबाने. नबीभाईंची ही मुलगी बीडच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते आणि स्वतःच्या मोटारसायकलवर कामाला जाते. धुळाजींची मुलगी बबिता तिची लहानपणापासूनची मैत्रीण. बबिता पोलीस भरतीची तयारी करत होती. पहाटे पालीच्या धरणाकडच्या रस्त्यावर ती पळायची, आणि मैदानी चाचणी दोन महिन्यांवर आली होती. त्याआधी सहा दिवस कारवारचा समुद्र बघून यायचं दोघींनी ठरवलं.

अदिबाची आई हजराबी तीन आठवडे नाहीच म्हणत राहिली. शेवटी हो म्हणाली, पण तिची एक अट होती.

"सोलापूरला खालाकडं, माझ्या भैनीकडं मुक्काम हाय. तिथं तिच्या सुनांसमोर दोन कपड्यांत जाशील? धड भरून ने."

"अम्मी, गाडीवर एवढं बसत न्हाई."

"बसत न्हाई तर जाऊ नको."

 मिळालेली परवानगी हातातून जाईल, ही भीती अदिबाच्या तोंडावर मला दिसत होती. हजराबीने सात जोड भरले. जरीचा पिवळा ड्रेस भरला, दोन शाली भरल्या, जास्तीचे टॉवेल भरले. प्रत्येक कपडा तिने हाताने सारखा करून ठेवला. त्या हातात राग नव्हता, काळजी होती. पण माझं तोंड बंद होईना. तिने गुडघा ठेवून मला दाबलं, तेव्हा कुरतडलेल्या पट्ट्यातला एक दोरा तुटला. त्याचा आवाज फक्त मला आला.

नबीभाई मला गाडीवर बांधायला आले. त्यांचा हात उजव्या कप्प्याखाली थांबला. वीतभर अंतर राहिलं नव्हतं. दोन बोटंही नव्हती.

"हजरा, यातले चार जोड काढ."

"तुमी गप बसा. गाडीवर पाठवायला हो म्हणले ना मी? मग कपड्याचं मला बघू द्या."

नबीभाईंनी माझ्याकडे पाहिलं, अदिबाकडे पाहिलं आणि ते गप्प बसले. गाठ त्यांनी दोनदा ओढली. मग तिसऱ्यांदाही ओढली.

सकाळी आठला आम्ही निघालो. मांजरसुंब्याचा घाट चढताना गाडी मागे ओढली जात होती. बबिता मागे बसली होती आणि माझ्या फुगलेल्या कप्प्यांमुळे तिचे पाय नीट टेकत नव्हते. प्रत्येक खड्ड्याला मी सायलेन्सरला टेकत होते. आधी नुसती ऊब लागली. मग चटका. मग माझ्या कोपऱ्यातून धूर निघू लागला. मित्रांनो, पिशवीला ओरडता येत नाही.

चौसाळ्याला चहासाठी थांबलो तेव्हा बबिताने नाक आक्रसलं.

"अदिबा, कायतरी जळतंय बघ."

दोघींनी वाकून पाहिलं. अदिबाने बाटलीतलं पाणी माझ्यावर ओतलं.

"हिचं पोट कमी कर," बबिता म्हणाली. "चार कपडे इथं हाटेलात ठेवू, येताना घेऊ."

"अम्मीचा पिवळा ड्रेस हाय त्यात. हरवला तर परत कुठं जायचं नावच घ्यायला नको."

"मग कसं करणार?"

"डावीकडं ओढून बांधते."

अदिबाने गळ्यातली ओढणी काढली आणि तिने मला डाव्या बाजूला खेचून कसून बांधलं. उजवीकडचा चटका थांबला. पण डावा कप्पा आता खाली, चेनच्या आणि चाकाच्या जवळ लोंबू लागला. ओढणीचं उरलेलं टोक हातभर लांब होतं. अदिबाने ते माझ्याखाली खोचलं. बबिताने त्याकडे एकदा बघितलं. तिला काहीतरी म्हणायचं होतं, असं मला वाटलं. तेवढ्यात अदिबाने गाडी चालू केली.

चौसाळ्याच्या पुढे रस्ता सरळ आणि रुंद आहे. वारा जोरात लागू लागला. खोचलेलं टोक आधी बोटभर निसटलं, मग वीतभर. चाकाच्या तारांसमोर ते फडफडू लागलं. जवळ जायचं, मागे यायचं. पुन्हा जवळ जायचं. मला सगळं दिसत होतं. मागून एका ट्रकवाल्याने तीन वेळा हॉर्न दिला. बहुतेक त्यालाही ते दिसलं असावं. अदिबाला वाटलं तो वाट मागतोय. तिने गाडी कडेला घेतली आणि तो पुढे निघून गेला.

त्यानंतर तारांनी ते टोक धरलं.

ओढणी एका क्षणात गुंडाळली गेली. तिच्यामागोमाग मी ओढले गेले. उंदराने कुरतडलेला पट्टा तुटला, डावा कप्पा चाकात गेला आणि चाक जागच्या जागी थांबलं. गाडी आडवी होऊन घसरत गेली. अदिबा कडेच्या मातीत पडली. बबिताचा उजवा पाय गाडीखाली राहिला.

माझ्यातले सगळे कपडे रस्त्यावर पसरले. गाड्या त्यांना चुकवत, ब्रेक मारत जात होत्या. एक जीप पिवळ्या ड्रेसवरून गेली.

जवळच सत्यभामा नावाची एक बाई शेळ्या चारत होती. ती पळत आली. तिने हात करून गाड्या थांबवल्या आणि थांबलेल्यांपैकी दोघांना मोटारसायकल उचलायला लावली. मग तिने विळ्याने चाकातली ओढणी कापली.

"पोरी, पाय हलवू नको. माझ्याकडं बघ," ती बबिताला म्हणाली. हजराबीच्या शालीने तिने बबिताचा पाय दोन काठ्यांना बांधला.

"मला पळायचंय," बबिता परत परत म्हणत होती. "मला पळायचंय, मावशी."

सत्यभामाने शालीची गाठ आणखी आवळली. पाय कसा वळला होता ते तिने पाहिलं होतं.

बीडच्या दवाखान्यात बबिताच्या पायात सळई घालून वर प्लास्टर केलं. डॉक्टरांनी धुळाजींना सांगितलं की मुलगी चालेल, पण चाचणीत पळता येईल असा पाय आता होणार नाही. अदिबा तळहातांना पट्ट्या बांधून, मला काखेत धरून दाराशी उभी होती. हजराबी आणि नबीभाई आले. हजराबीने मला पाहिलं, मग बबिताला पाहिलं आणि ती धुळाजींच्या पायाशी खालीच बसली.

"भाऊ, मी भरलं ते. माझ्या हातानं."

"मला दिसलं होतं, तरी मी बोललो न्हाई," नबीभाई म्हणाले.

धुळाजींनी बबिताच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. मग ते एवढंच म्हणाले, "तिला पायात घालायला कायतरी ढगळं लागंल." हजराबी घरी गेली. तिने स्वतःची सलवार उसवून प्लास्टरवरून जाईल अशी केली आणि ती घेऊन परत आली. पुढचे तीन महिने ती रोज येत राहिली. धुळाजी तिच्याशी पुन्हा बोलले, पण पहिल्यासारखे नाही.

बबिता आता चालते, जरा लंगडत. टेबलावरच्या नोकरीच्या परीक्षा देते. अदिबा दर रविवारी पालीला जाते. आधी ती एसटीने जायची. एके दिवशी बबिताच म्हणाली, "गाडी घेऊन ये ना गं. मला किती दिवस घरात बसवणार?" त्या रविवारी दोघी गाडीवर धरणापर्यंत गेल्या आणि पाण्याकडे बघत बसून राहिल्या. 

नबीभाईंनी मला शिवलं नाही. फाटलेली बाजू बाहेर करून त्यांनी मला दुकानाच्या दारावर टांगलं. लांबच्या प्रवासाला निघालेले कुणी आले की ते माझ्या फाटक्या कप्प्यात हात घालून दाखवतात. काही जण हसतात. काही जण बाहेर जाऊन आपली पिशवी सोडतात आणि पुन्हा बांधतात.

गेल्या आठवड्यात दुपारी नबीभाई नमाजला गेले होते. दोघे जण सावलीला थांबले. त्यांच्या गाडीला दोन्हीकडे फुगलेल्या पिशव्या होत्या, वर जाकिटं दोरीत कोंबलेली. एका जाकिटाची बाही खाली, थेट चाकापर्यंत आली होती.

मागचा म्हणाला, "कायतरी लोंबतंय का रे?"

पुढचा म्हणाला, "असू दे, पुढं बघू."

मी दारावर नुसती हलत राहिले. ते गेले. नबीभाई आले तेव्हा रस्ता रिकामा होता. ते दोघे पोचले का, मला अजून कळलेलं नाही.

मित्रांनो, तुम्हाला बोलता येतं. घरातून कुणी गाडीवर निघत असेल तर काळजीपोटी त्याच्या पिशवीत आणखी काही भरू नका. भरलेलं दिसलं तर वाद होईल म्हणून गप्प राहू नका. आणि रस्त्यात कुणाच्या गाडीवरून कापड लोंबताना दिसलं तर हात करा. ते चिडतील, थांबायला तयार होणार नाहीत. तरीही हात करा.